तांब्याचा डोंगर

घोडेगावच्या एसटी स्टँडामागं हौशीरामचं पत्र्याचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं मान द्यायचा म्हणून. दोन बाजूंना पत्रे उभे केलेले आणि तिसरा वर टाकलेला, एवढाच तो कारभार. धान्याच्या कोठ्या, ट्रंका आणि गळक्या बादल्या यांच्या मधोमध हौशीराम दिवसभर बसलेला असायचा आणि हातापेक्षा तोंड जास्त चालवायचा. मूळचा लोणीचा. तरुणपणी पुण्यात एका तांबटाच्या हाताखाली राहून तो उठावाचं काम शिकला होता, म्हणजे पत्रा मागून ठोकून पुढच्या बाजूला वेलबुट्टी, मोर, देवाचा मुखवटा फुगवून काढायचं काम. अर्ध्या तालुक्यातल्या गाभाऱ्यांच्या चौकटी आपणच मढवल्यात असं तो सांगे. मोजायला गेलं तर तीन निघाल्या असत्या, पण मोजायला जाणार कोण?

ज्येष्ठातल्या एका सकाळी त्याच्यासमोर कस्तुरबाई येऊन उभ्या राहिल्या. बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानाचे मालक धरमचंद शेठ, त्यांच्या या पत्नी. साठीला टेकलेल्या, डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी.

"कोठी गळती का भाभी? पाठवून द्यायची की. तुमी कशापायी आला?"

"कोठी नाही गळत. मला शिकायचंय."

"काय शिकायचंय?"

"पत्रा ठोकायला."

हौशीरामनं आधी त्यांच्या मागं कुणी हसत उभं आहे का ते पाहिलं. कुणी नव्हतं. मग त्यानं एक बादली उलटी करून पाट सरकवावा तशी अदबीनं पुढं सरकवली आणि म्हणाला, "बसा. आता नीट सांगा."

कस्तुरबाईंनी सांगितलं ते असं. धरमचंद शेठची नजर काचबिंदूनं हळूहळू खाल्ली होती आणि दोन वर्षांपूर्वी ती पार गेली. दुकान मुलानं, हितेशनं सांभाळलं. शेठनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. त्यांचा जीव अडकला होता तो वेगळ्याच ठिकाणी, गुजरातेत पालीताण्याला, शत्रुंजयाच्या डोंगरावर. जैनांचं ते मोठं तीर्थ. पावसाळ्याचे चार महिने डोंगर बंद असतो आणि कार्तिकी पौर्णिमेला यात्रा पुन्हा उघडते. ज्यांना तिथवर जाणं होत नाही ते त्या दिवशी गावाबाहेर डोंगराचा रंगवलेला पट उभा करतात आणि त्याच्यासमोर हात जोडून मनानं चढून येतात. तिला भावयात्रा म्हणतात.

शेठ लग्नाआधी दोनदा हा डोंगर खरोखर चढून आलेले होते. त्यामुळं पटासमोर त्यांचा भाव वधारायचा. तळेटी म्हणजे डोंगराचा पायथा कुठं, पाणी कुठं मिळतं, दम कुठं लागतो, सगळं ते बोटानं दाखवत सांगायचे आणि गावातला अख्खा जैन संघ ऐकायचा. कस्तुरबाई मात्र कधीच गेल्या नव्हत्या. "पुढच्या साली दोघं जाऊ," असं शेठ लग्न झाल्यापासून म्हणत आले होते. पण सासूबाईंचं अंथरूण, मुलांच्या परीक्षा, दुकानाचा हंगाम, दरवर्षी काहीतरी आडवं यायचंच. आता तर विषयच संपला होता.

गेल्या कार्तिकीला हितेशनं शेठना हात धरून पटासमोर नेलं. शेठ थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "कापडाचा वास येतोय नुसता. चला घरी." आणि घरी आल्यावर, "पुढच्या वर्षी मला नेऊ नका." त्यानंतर ते देवळातही जाईनासे झाले. मागच्या पडवीतल्या खुर्चीत बसायचे आणि विचारलं तरच बोलायचे.

"आन् यात पत्रा कुठं आला?" हौशीरामनं विचारलं.

पत्रा आला होता तो असा. अक्षयतृतीयेच्या सुमारास दुकानातलं एक जुनं पितळी ताट शेठच्या हाताला लागलं. त्यावर मोर उठवलेला होता. शेठनी त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "या मोराची मान कुणी मुरगाळली?" आणि हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. कस्तुरबाई ताटाकडं बघत राहिल्या. मोर खरंच वाकड्या मानेचा होता. हातांना मोर दिसत असेल तर डोंगर का दिसू नये, हे त्यांच्या मनानं तेव्हाच घेतलं.

"मग मीच करून देतो की," हौशीराम म्हणाला. "तुमी कशाला बोटं फोडून घेताय?"

"तुला डोंगर कुठं ठाऊक आहे?"

"तुमाला तरी कुठं ठावं हाय?"

हे खरं होतं आणि ते कस्तुरबाईंना लागलंही. पण त्या उठल्या नाहीत. "मला तो माणूस ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. हौशीरामनं मान डोलावून कात्री शोधायला घेतली.

स्टँडामागं शेठाणी पत्रे ठोकत बसली तर गावाला महिनाभर विषय पुरला असता. म्हणून दुपारच्याला हौशीरामच त्यांच्या परसात यायचा असं ठरलं. पहिले काही दिवस नुसती कात्री. टाकाऊ डब्यांचा पत्रा, त्यावर खडूनं पान काढायचं आणि कापायचं. पत्र्याची कात्री म्हणजे स्वयंपाकघरातली नव्हे. ती हाताचं ऐकत नाही, हातानं तिचं ऐकावं लागतं. कस्तुरबाईंच्या अंगठ्याला फोड आला, फुटला, पुन्हा आला. पानं मात्र हळूहळू पानांसारखी दिसायला लागली. सून हर्षानं त्यातली दोन तुळशीपाशी तारेनं बांधून टाकली. ती वाऱ्यावर वाजायची.

मग हौशीरामनं एक चौकोनी पत्रा दिला आणि त्यावर कमळ बसवायला सांगितलं. कस्तुरबाईंनी कमळ काढलं ते असं की पाकळ्यांची टोकं चारी बाजूंना थेट काठाला टेकली. कोपऱ्यांत राहिलेल्या जागेत चार कळ्याही कोंबल्या.

"हे काय केलं?"

"का? काही वाया घालवलं नाही."

हौशीरामनं कपाळाला हात लावला. "भाभी, तुमी व्यापाऱ्याची माणसं. कापडवाल्यागत कडंपर्यंत मोजलंय. पर पत्र्याला कड मोडाया जागा नगं? ही धार अशीच ठिवली तर हातात धरनाऱ्याचं बोट कापंल. आन् धरनार कोन हाय, जरा ध्यान करा."

आयुष्यभर कस्तुरबाईंनी घरात एक दाणा वाया जाऊ दिला नव्हता, त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तोच इथं आडवा आला होता. त्या दिवसापासून त्या आधी चारी बाजूंनी बोटभर जागा सोडायच्या आणि मगच खडूला हात लावायच्या. काठ मागं दुमडायचा, आत तार घालायची आणि लाकडी मोगरीनं बसवायचा, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की हौशीरामच्या कोठ्यांच्या कडांनाही त्या नावं ठेवायला लागल्या.

खरी पंचाईत पुढंच होती. उठाव काढायचा तर पत्र्याखाली दबणारं काहीतरी लागतं. ठोका बसला की पत्रा आत जायला हवा, पण फाटायला नको. हौशीराम एका परातीत काळी लाख घेऊन आला.

"ही लाख कशापासून होते?" कस्तुरबाईंनी विचारलं.

"झाडावर किडं असत्यात. त्येंच्यापासून."

"मग नको."

"बरं, मेन घालू."

"मधमाश्यांचं? नको."

"वाळू भरलेली पिशवी हाय माज्याकडं. चामड्याची." एवढं बोलून त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "म्हंजे ती बी नगं. मग पत्रा काय माज्या मांडीवर ठोकताय व्हय, भाभी?"

त्यावर हर्षा आतून हसली आणि कस्तुरबाईही. चार दिवस हौशीराम फिरकला नाही. त्या समजल्या की हा आता येत नाही. पण तो आला तो हातात एक पुडकं घेऊन. "राळ," तो म्हणाला. "झाडाचा डिंकच की. त्यात विटंची पूड आन् गोडंतेल घालायचं. माज्या पुन्याच्या उस्तादाचे वडील असंच करायचे, म्या इसरलो व्हतो. तुमच्या उपासाला बी चालंल." राळ तापवून परातीत ओतली, थोडी निवल्यावर तिच्यावर तांब्याचा पत्रा बसवला आणि सराव सुरू झाला. चातुर्मास लागला होता, विस्तवावर किडे झेपावतात, म्हणून दिवस कलायच्या आत शेगडी विझवायची असा कस्तुरबाईंचा नियम होता. हौशीरामनं त्यालाही मान डोलावली. शिष्यीण अशी पहिलीच होती, आणि खरं सांगायचं तर त्याला तिचं कौतुक वाटायला लागलं होतं.

हे सगळं शेठपासून लपवायचं असं कस्तुरबाईंनी योजलं होतं. भोळ्याच म्हणायच्या. आयुष्यभर ज्यानं भांडी वाजवून विकली त्याच्या पडवीपासून वीस पावलांवर ठोके पडणार आणि त्याला कळणार नाही?

"डबा सुटला वाटतं आज," एका दुपारी शेठ म्हणाले. "तांबं आलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"टिन बोंबलतं. तांबं बोलतं." मग कान देऊन, "लई जोरात मारतेस. आवाज कोरडा येतोय. तापव त्याला परत, कडक झालंय. फाटंल."

तांबं ठोकून ठोकून ताठर होतं, ते लालसर होईतो तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ पडतं, हे हौशीरामनं सांगितलं होतं. पण केव्हा तापवायचं ते कस्तुरबाईंना कळत नसे. आता पडवीतून हुकूम यायला लागले. "तापव." "अजून चालंल." काय बनतंय हे मात्र शेठनी एकदाही विचारलं नाही. म्हातारपणी बायकोला नाद लागला, एवढंच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात जरा जीव असायचा. कस्तुरबाईंना तेवढ्यानंही बरं वाटायचं. पण कार्तिकीचं नाव निघालं की शेठ तोंड फिरवायचे. "मला नेऊ नका म्हटलंय ना," एवढंच बोलायचे.

श्रावणात सोमवारी भीमाशंकरच्या गाड्या भरभरून जायला लागल्या. तिथल्या पेढेवाल्यांचे पत्र्याचे ट्रे करण्यात हौशीराम गुंतला. पर्युषण आलं आणि गेलं. मग हर्षानं देवळातून पट आणवून उलगडला, मोठ्या पारदर्शक कागदावर डोंगर उतरवून घेतला आणि तो कार्बन लावून तांब्यावर छापून दिला. खाली डाव्या कोपऱ्यात तळेटी, तिथून वळत वळत उजवीकडं चढणारी वाट, वर देवळांची गर्दी, मोठं देऊळ आणि त्याच्या शेजारी रायणीचं पवित्र झाड. कस्तुरबाईंनी बोथट खिळा धरला आणि पहिल्या पायरीवर ठोका मारला.

भाद्रपद, आश्विन सगळा त्यातच गेला. पायऱ्यांसाठी बारीक खिळा, डोंगराच्या अंगासाठी गोल तोंडाचा, झाडाच्या पानांसाठी वाकडा. शिखरापाशी पत्रा जरा चिरला, तो हौशीरामनं मागून डाग देऊन सांधला. ठोक्यांमध्ये लय आली. कधी कधी त्या काम करताना वाटेतच असायच्या, इथं जरा चढ असेल, इथं वारा येत असेल, असं त्यांच्या मनात यायचं आणि मग हसू यायचं की आपण तर परसात बसलोय.

दिवाळी झाली आणि पत्रा राळेवरून सोडवला. चिंचेनं घासला. हर्षा म्हणाली, "आई, देवळात लावण्यासारखा झालाय." डोंगर तांबूस झळकत होता, पायरी न् पायरी वर उठून आली होती. कस्तुरबाईंना वाटलं, आपण ह्यांच्यासारखं बघावं. त्यांनी डोळे मिटले आणि बोटानं तळेटी शोधली, डाव्या कोपऱ्यात. तिथं तळेटी नव्हती. तिथं डोंगराचा रिकामा उतार होता. त्यांनी डोळे उघडले.

तळेटी उजवीकडं होती. वाट डावीकडं चढत होती. रायणीचं झाड देवळाच्या भलत्याच अंगाला.

हौशीरामला बोलावणं गेलं. त्यानं पाहिलं आणि डोकं खाजवलं. "आता मागून ठोकलं म्हंजे पुढून उलटं येनारच की. चित्र आधी उलटं काढाया पायजे."

"हे तू आता सांगतोस?"

"म्या म्हनलं डोंगरच तर हाय. डोंगराला काय डावं-उजवं असतंय? मोराला असतंय, द्येवाच्या हातातल्या शस्त्राला असतंय. डोंगराला आजवर कुनी इच्यारलं न्हाई, राव."

एवढे महिने त्या पत्र्याच्या मागच्या अंगानंच काम करत आल्या होत्या आणि तिथून सगळं बरोबर दिसत होतं; तापवायला सोडवला तरी पुढची बाजू राळेनं लडबडलेली असायची. आता नवीन करायला दिवस उरले नव्हते. त्या हौशीरामवर चिडल्या नाहीत, तेवढंही बळ नव्हतं. आत जाऊन पाट ओढला, त्यावर बसल्या आणि रडल्या. ज्याच्या पायांना वाटेचं वळण न् वळण पाठ आहे त्याच्या हातात उलटा डोंगर कसा द्यायचा? गेल्या वर्षी कापडाचा वास आला होता. या वर्षी त्याहून वाईट होईल. तो माणूस मग पुन्हा कधी हात पुढं करायचा नाही.

कार्तिकी पौर्णिमेला सकाळी बँड वाजत वाजत संघ गावाबाहेर गेला. हितेश, हर्षा, मुलं, सगळे गेले. शेठ अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून पडवीत बसले होते. बँडचा आवाज लांब गेला.

"तू गेली न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"माझ्यापायी थांबू नको."

कस्तुरबाईंनी पत्रा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. जे सांगायचं ते आधीच सांगून टाकलं. "शत्रुंजय केलाय. तुमच्यासाठी. पण चुकलाय. उलटा झालाय, डाव्याचं उजवं झालंय. मला आधी कळलं नाही."

शेठचे हात कडेवरून फिरले, दुमडलेल्या काठावर जरा थांबले. मग आत आले. बोटं कोपऱ्यात गेली, चाचपली, दुसऱ्या कोपऱ्यात गेली. पायऱ्या लागल्या. दोन-चार पायऱ्या चढली आणि थांबली. "हिकडं वळत न्हाई वाट," ते हळू म्हणाले. बोटं परत खाली आली, पुन्हा चढली, पुन्हा थांबली. मग त्यांनी हात काढून घेतला.

आता पत्रा उचलून आत न्यावा, माळ्यावर टाकावा, असं कस्तुरबाईंना वाटलं. त्यांनी हात पुढं केला. पण शेठनी पत्रा सोडला नाही. त्यांनी तो उलटा केला. भांडं हातात आलं की त्याची पाठ बघायची, ही त्यांची दुकानातली जन्माची खोड होती.

पाठीवर डोंगर आत गेलेला होता. जिथं पुढं उंचवटा तिथं मागं खोलगट. आणि पायऱ्यांची वाट म्हणजे एक लांबच लांब पन्हळ, बोट बसेल एवढी. शेठची तर्जनी डाव्या कोपऱ्यात गेली आणि त्या पन्हळीत उतरली. क्षणभर तिथंच राहिली. मग निघाली.

"तळेटी," शेठ म्हणाले.

बोट चढत होतं. ते घसरत नव्हतं, चुकत नव्हतं, वाटच त्याला धरून नेत होती. "इथं डोलीवाले बसतात. इथं पाण्याची जागा. आता उजवीकडं." वाट उजवीकडं वळली. शेठचा श्वास मोठा झाला होता. कस्तुरबाई केव्हा त्यांच्या पायाशी येऊन बसल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही. या माणसाला डोंगर सापडला होता, आणखी काही नको होतं.

मधेच बोट थांबलं.

"तुझा हात दे."

"कशाला?"

"मी दोनदा चढून आलोय. तू एकदाबी न्हाई." त्यांनी तिचा हात चाचपून घेतला, फोडांनी निबर झालेला अंगठा त्यांच्या हाताला लागला, त्यावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग तिची तर्जनी त्या पन्हळीत ठेवली आणि वर आपली ठेवली. "पुढच्या साली, पुढच्या साली म्हणत लई उशीर केला मी. खाली येऊ, तळेटीपासून चढू. चपला काढल्यास ना?"

"काढल्यात."

दोघं खाली आली आणि पुन्हा चढायला लागली. तो सांगत होता आणि ती ऐकत होती. चढ आला तिथं त्यानं सांगितलं की इथं कमरेवर हात ठेवून चढतात सगळे, लाजू नको. मग दरवाजे, मग देवळं, मग मोठं देऊळ. बोटं थांबली. शेजारी रायणीचं झाड होतं, बरोबर जिथं असायला हवं तिथं.

शेठनी मान तिच्याकडं वळवली.

"दिसतंय का तुला?"

कस्तुरबाईंनी पत्र्याकडं पाहिलं. त्यांना हातोडीचे वण दिसत होते, सांधलेली चीर दिसत होती, परसात बसून मारलेला ठोका न् ठोका दिसत होता. त्यांनी डोळे मिटले.

"आता दिसतंय," त्या म्हणाल्या.